कुबेनांचा विस्तव

शुक्रवारी सकाळी एल्डन कुबेना भट्टीशेजारच्या खुर्चीत जागा झाला, तेव्हा भट्टी त्याच्यापेक्षा गाढ झोपली होती. त्यानं राखेत हात घातला. गार. जाळीवर ब्रिस्केटचे, म्हणजे बैलाच्या छातीच्या मांसाचे, मोठाले तुकडे संध्याकाळी ठेवले होते तसेच, कच्चे आणि निवांत पडले होते.

टेक्सासच्या त्या भागात प्रत्येक गावात धुरावर मांस शिजवणारं एक घराणं असतंच. डोब्रावात ते कुबेनांचं, आणि त्यांचं नाव चवीपेक्षा विस्तवासाठी होतं. आजोबांनी पेटवलेला विस्तव अजून विझलेला नाही, असं दुकानाच्या भिंतीवर रंगवलंच होतं. तो विझला तर भट्टीला गॅस जोडायचा आणि कारभार जावयाकडे द्यायचा, असं एल्डनच्या आईनं, अग्नेसबाईंनी, जाहीर करून ठेवलं होतं. जावई रँडल गॅसचा कॅटलॉग गाडीतच बाळगायचा.

एल्डननं फार विचार केला नाही. तेवढी झोपच झाली नव्हती. माल खपल्यावर दुपारी लावायची 'संपलं'ची पाटी त्यानं दारावर अडकवून टाकली.

पहिला आला हार्डवेअरवाला व्हर्जिल.

"संपलं? अरे, दार तरी उघडलंस का?"

"आज लवकर संपलं."

"नेलं कुणी?"

"ज्यांना मिळालं त्यांनी."

व्हर्जिलनं मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. रांगेतला पहिला माणूस म्हणून त्याला गावात मान होता. इतक्यात पाद्रीबाबा येताना दिसले. व्हर्जिलनं रुमाल काढून शांतपणे ओठ पुसले.

"उशीर केलात, बाबा. लोण्यासारखं झालं होतं आज."

पाद्रीबाबांनी पाटी वाचली, व्हर्जिलचे ओठ पाहिले. "माझं पुडकं घरी पोचलंसुद्धा," ते म्हणाले. "मी आपला एल्डनचे आभार मानायला आलो."

दुपारपर्यंत निम्म्या गावानं ते मांस खाल्लं होतं आणि उरलेलं निम्मं रुसलं होतं. मिरी जरा जास्त झाल्याची एक तक्रारही आली. एल्डननं ती खाली मान घालून ऐकून घेतली.

मग रँडलच्या हाताला धरून अग्नेसबाई आल्या आणि पुढच्या बाकावर टेकल्या.

"गावभर ऐकतेय. तुझ्या बापालाही हे कधी जमलं नाही रे."

"गॅसवर हे व्हायचं नाही," रँडल म्हणाला. "कॅटलॉग फेकून दिला मी. भट्टी तुझीच, एल्डन."

गॅस असता तर माणूस रोज पलंगावर झोपला असता, हे एल्डनला नेमकं त्याच क्षणी सुचलं.

"उद्या दुप्पट लाव," आई म्हणाली. "उजाडायच्या आत रांग लागणार."

"लावतो," एल्डन म्हणाला. फक्त पेटवायला काही नव्हतं. ज्या घरातला विस्तव विझतच नाही, त्या घरात काडेपेटी कोण आणून ठेवणार?

"रँडल, तुझा लायटर दे जरा."

"कशाला?"

"सिगारेट ओढायचीय."

"तू? कधीपासून?"

"आजपासून."

रँडलला गहिवरूनच आलं. त्यानं स्वतःची एक सिगारेट काढली, पेटवली, एल्डनच्या हातात दिली आणि लायटर परत खिशात टाकला.

एल्डननं सिगारेटच्या लाल टोकाकडे पाहिलं. मग चर्चमधली मेणबत्ती न्यावी तशी ती दोन्ही हातांच्या आडोशात धरून तो जपून पावलं टाकत मागच्या दाराकडे निघाला.

"ओढत का नाही हा?" रँडलनं विचारलं.

"लाजतोय," अग्नेसबाई म्हणाल्या. "आईसमोर कशी ओढेल?"