डाळीला विचारा

गेनूभाऊ परगावी निघाले की कपडे विसरतील, चष्मा विसरतील, पण पिशवीतली मूठभर तूरडाळ विसरणार नाहीत. ही डाळ खायला नेलेली नसते. तिने गावाची परीक्षा घ्यायची असते.

गेनूभाऊ माझे लोणावळ्यातले शेजारी. रेल्वेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली आणि तेव्हापासून ते म्हातारपण काढायला गाव शोधत आहेत. स्वस्त हवं, मन रमणारं हवं, हवा बरी हवी, या अटी सगळ्यांच्याच असतात. भाऊंची पहिली अट पाण्याची. नव्या गावात उतरले की ते स्टेशनबाहेरची एखादी खाणावळ गाठतात, घरून आणलेलं छोटं पातेलं पुढे करतात आणि म्हणतात, "मावशी, एवढी डाळ तुमच्या पान्यात शिजवून द्या. मीठ नको, हळद नको. कुकर तर अजाबात नको." खाणावळीतल्या मावश्या आधी घाबरतात. मग त्यांना वाटतं, हा माणूस सरकारी खात्यातून तपासणीला आला असावा. मग त्या डाळ शिजवून देतात आणि वर पैसे घेत नाहीत.

"मास्तर, सोपं हाय," भाऊंनी मला एकदा समजावून सांगितलं. "जड पान्यात डाळ शिजत न्हाई. डाळ शिजली न्हाई की बाईचं डोकं फिरतं. बाईचं फिरलं की बाप्याचं फिरतं. सगळं गाव तिरसट. मंग तितं म्हाताऱ्याला कोन इचारनार? दवाखाना, बाग, देऊळ, समदं मागनं. आदी डाळीला इचारा."

मी कधी कुणाचा मास्तर नव्हतो. एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्या-घेण्यात माझी नोकरी गेली. पण चष्मा लावून पुस्तक घेऊन बसलेला माणूस भाऊंच्या लेखी मास्तरच.

भाऊ मूळचे तिकोणा गडाखालच्या तिकोणा पेठेचे. रेल्वेत त्यांची सगळी नोकरी बँकरवर झाली. कर्जतहून घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला जी इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. लोणावळा आलं की बँकर सुटतो, गाडी पुढे निघून जाते आणि बँकर पुन्हा घाट उतरून दुसरी गाडी ढकलायला खाली जातो. "माणसं कुटंकुटं गेली, मास्तर," भाऊ म्हणतात. "मद्रास, हैद्राबाद, कोल्हापूर. आमी त्यांना हितवर सोडलं आन माघारी गेलो. खिडकीतलं मानूस कधी दिसलं न्हाई, गाडीचं बूड तेवढं बघितलं." म्हणून निवृत्तीनंतर पास हातात आला तेव्हा भाऊंनी ठरवलं, आता गाडीत बसून जायचं आणि ती जिथं थांबेल तिथलं पाणी बघायचं.

लोणावळा सोडायचं कारण त्यांना विचाराल, तर ते तुम्हाला शनिवारी सकाळी भुशी धरणाच्या रस्त्यावर उभं करतील. गाड्यांची रांग दाखवतील. भाजीवालीला मेथीचा भाव विचारतील आणि तो तुम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं परत म्हणून दाखवतील. "हा पाव्हन्यांचा भाव. सोमवारी येईल आपला भाव. शनवार-आयतवार ह्ये गाव आपलं न्हाई."

त्यांच्या पत्नी हौसावहिनी यावर म्हणतात, "मुंबईची मानसं हितं हवा खायाला येत्यात, आन आमचं ह्ये हवा सोडून डाळ शिजवत फिरतंय." वहिनींना गाडी लागते, त्यामुळे त्या कुठेच जात नाहीत. त्यांचं माहेर जवळच, औंढ्याला. भावानं नवं घर बांधलंय आणि मागच्या जुन्या घरातल्या खोल्या रिकाम्या पडल्यात. वहिनींनी तो विषय काढला की भाऊ उखडतात.

"सासरवाडीत म्हातारपन? उद्या मेव्हना म्हनंल, दाजी, जरा म्हशी बांदा."

"बांदा की. जल्मभर गाड्या ढकलल्या, आता म्हशी ढकला."

भाऊंनी किती गावं नापास केली! साताऱ्याची डाळ छान शिजली, पण बाजारात जायचं तर चढ आणि घरी यायचं तरी चढच, असं त्यांचं म्हणणं. "उतार कुटं ठेवलाय ते कळलंच न्हाई." मिरजेत डाळ शिजली, माणसं गोड निघाली, पण शेजारी तंबोऱ्यांचं दुकान होतं आणि भाऊंना आपल्या घोरण्याची काळजी पडली. "सुरात घोरता येत न्हाई मला. समदं गाव उठवून सांगंल, भाऊ, जरा वर घ्या." नाशिकला सगळं पसंत पडलं होतं. तिथं बागेतल्या बाकावर एक गृहस्थ भेटले, तेही निवृत्तीला गाव शोधत होते आणि त्यांनी भाऊंना विचारलं, "लोणावळा कसं आहे हो?" भाऊ त्याच दिवशी परत आले.

गेल्या पावसाळ्यात माझी पत्नी सुधा गेली. त्याबद्दल इथे फार लिहिणार नाही. पहिले काही दिवस ओळखीच्या घरांतून डबे येत. मी आभार मानून ते तसेच परत करी. भूक नव्हती, आणि डबा देणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मला बघवत नव्हतं. मग डबे थांबले. लोकांचं काही चुकलं नाही.

अशातच एका दुपारी गेनूभाऊ दारात उभे राहिले. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली.

"मास्तर, तुमचं एक मत पायजे. ह्ये साताऱ्याचं पानी. खानावळवाल्यांचं मला पटत न्हाई, सोडा टाकत असतील. म्हनून पानीच आनलं, हिनं घरी शिजवलं. तुमी शिकलेले. चाखा आन सांगा."

मत मागितलं की मला नाही म्हणता येत नाही. ग्रंथालयातली सवय. मी चमचाभर डाळ चाखली. मग आणखी एक चमचा, कारण एका चमच्यावर मत देणं बरोबर नव्हे. भाऊ म्हणाले, "भाताबरोबर निराळी लागती," आणि घरी जाऊन भातही घेऊन आले. मी ताट संपवून म्हटलं, "जरा कोरडी वाटते."

"मला बी तसंच वाटलं," भाऊ गंभीरपणे म्हणाले.

त्यानंतर ते पद्धतशीर सुरू झालं. भाऊ परगावाहून आले की दुपारी वाटी यायची. एका गावाचं पाणी पुष्कळ दिवस पुरायचं, कारण भाऊंच्या मते पाणी मुरलं की चव बदलते, तेव्हा फेरतपासणी हवी. मीही मनावर घेतलं. पुस्तकं काढून पाण्यातले क्षार, डाळीची साल, उकळण्याचा वेळ असं वाचू लागलो. नाशिकचं पाणी हलकं, मिरजेचं किंचित गोडसर, अशी माझी मतं मी भाऊंना नीट कारणं देऊन सांगत असे. भाऊ मान डोलवत. वहिनी मात्र पदर तोंडाला लावून आत जात. मला वाटे, त्यांना माझी पुस्तकी भाषा हसू आणते.

आमच्या दोघांच्या खोल्या एकाच चाळीत, स्टेशनपलीकडच्या गल्लीत. यंदा उन्हाळ्यात मालक पेढे घेऊन आले आणि अदबीने म्हणाले की चाळ पाडून तिथं पोहण्याच्या तलावाचा बंगला बांधायचाय, तेव्हा दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्या कराव्यात. इतकी वर्षं गाव शोधणं हा भाऊंचा छंद होता. आता ते निकडीचं काम होऊन बसलं. माझ्या मुलाचा बंगळूरहून फोन आला, "बाबा, इथे तुमची खोली तयार आहे." मी म्हटलं, "पाहू." मी काहीच पाहत नव्हतो. दिवाळी आपोआप येणार होती.

भाऊ घाईने कोल्हापूरला गेले. ज्या दिवशी परतायचे होते, त्या दिवशी दुपारी नेहमीसारखी वहिनींनी वाटी आणून दिली. "भावजी, कोल्हापूरची." मी जेवायला बसलो. डाळ अगदी मऊ होती. पंचगंगेचं पाणी मृदू असावं, असं वाक्य मी मनात जुळवत होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"मास्तर, गेनू बोलतोय. घरी जरा निरोप द्या, हौसा फोन उचलत न्हाई. गाडी साताऱ्याच्या अलीकडंच अडकलीया. म्हनावं, रातीपर्यंत येतो. आन तुमी जेवायचं थांबू नका, पर कोल्हापूरची डाळ उद्या हां. बाटली मांडीवर घेऊनच बसलोय."

मी ताटाकडे पाहिलं. कोल्हापूरची डाळ निम्मी संपली होती.

वाटी परत द्यायला गेलो, तर वहिनी ओट्याशी होत्या. मी निरोप सांगितला. त्या एकदम जीभ चावून खाली बसल्या.

"गाडीच्या टायमावर डाळ टाकली मी. गाडी लेट व्हईल ह्ये डोस्क्यातच आलं न्हाई."

"वहिनी, मग हे पाणी?"

"आपल्याच नळाचं की वो, भावजी. दुसरं कुठलं?" त्या पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाल्या, "पयल्यांदा खरंच साताऱ्याचं आनलंवतं. त्या दिशी तुमी ताट संपवलं. ह्ये घरी आलं आन म्हनलं, हौसा, मास्तर जेवलं. नुसतं जेवा म्हनलं तर परत धाडतील, मत इचारलं तर खातील. मंग रोज कुटनं आनायचं सातारचं पानी? यांना सांगू नका हां. म्हनतील, घाटात गाडी सोडून दिलीस."

माझ्या क्षारांवरच्या व्याख्यानांना त्या आत जाऊन का हसत, ते मला त्या दुपारी कळलं.

भाऊ दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन आले. कोल्हापूर नापास. "डाळ लोन्यावानी शिजली, पर तितला तांबडा रस्सा असा, की डाळीकडं कोनी बघंना. डाळीचा अपमान झाला, मास्तर. आपन न्हाई ऱ्हानार." मी पुन्हा एकदा कोल्हापूरची डाळ खाल्ली आणि पाणी मृदू आहे म्हणालो. मग, राहवलं नाही म्हणून, हेही सांगून टाकलं की मी बंगळूरला जायचं म्हणतोय.

भाऊ बराच वेळ बाटलीचं झाकण फिरवत राहिले.

"तितं पानी कसलं?"

"बोअरचं. कधी टँकरचं."

"डाळ?"

"कुकरमध्ये शिजते म्हणे."

"कुकरमंदी काय, दगूड बी शिजंल," ते म्हणाले आणि उठून गेले. वाटी न्यायचं विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. मागे वहिनी, हातात पातेलं. "चला मास्तर, औंढ्याला. बंगळूरला जायच्या आदी हितली एक परीक्षा व्हऊ द्या. माजं काय न्हाई, हिचा लय दिवसांचा हट्ट हाय." वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

वहिनींच्या भावाचं घर भाताच्या खाचरांना लागून आहे. मागच्या खोल्या बसक्या, कौलारू, शेणानं सारवलेल्या. दोन वेगळी दारं, मध्ये एक ओटा. भाडं विचारलं तर मेव्हणे म्हणाले, "दाजी, चेष्टा करता काय?" भाऊंना ते लागलं, पण त्यांनी पिशवीतली डाळ काढून दिली. चुलीवर डाळ चढली. या खेपेला पाणी आडातून माझ्या डोळ्यांदेखत काढलं होतं. वाट बघताना भाऊ ओट्यावर माझ्या शेजारी टेकले. पण डाळीकडे त्यांचं लक्षच नव्हतं, ते सारखे माझ्याकडे बघत होते. लांबवर रेल्वेची शिट्टी ऐकू आली.

"ऐकू येती हितं," ते नुसतं म्हणाले.

वाटी आली. मी चाखली. डाळ घरच्यासारखीच होती. मी दुसरा चमचा घेतला, तिसरा घेतला. वहिनी दारात थांबल्या होत्या.

"सांगा मास्तर. काय मत?"

"एका वाटीवर काही सांगता येत नाही, भाऊ," मी म्हणालो. "पावसाळ्यात पाणी निराळं, उन्हाळ्यात निराळं. निदान वर्षभर खाऊन बघावी लागेल."

भाऊंनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग आणखी एकदा पुसलं. वहिनी आत गेल्या. या वेळी त्यांनी पदर तोंडाला नाही, डोळ्यांना लावला होता.

मग भाऊ उठले, ओट्याच्या टोकाला गेले आणि गोठ्याकडे बघत मेव्हण्याला जरा चढ्या आवाजात म्हणाले,

"पाव्हनं, ह्या म्हशी कुटं बांदायच्या?"