दुसऱ्या रांगेची रणनीती

मध्यम आकाराच्या राष्ट्राचे दुःख असे, की महासत्ता त्याला चहाला बोलावतात, पण जेवायला थांबवत नाहीत. यावर उपाय एकच: शेजाऱ्यांत आपणच महासत्ता होणे. त्यासाठी पूर्वी सैन्य लागे. हल्ली सैन्याला सल्ला देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता लागते.

न्युरेम्बर्गच्या एका कंपनीत पुण्याचा मयुरेश ही बुद्धिमत्ता घडवत होता. शुक्रवारी एका मध्यम राष्ट्राचे जनरलसाहेब प्रात्यक्षिक पाहायला येणार होते. सौदा झाला तर मयुरेशची प्रोबेत्साईट, म्हणजे उमेदवारीची मुदत, संपून नोकरी कायम. नाही तर गाव सोडणे आले, आणि गावाबरोबर लेकीची किटातली, म्हणजे पाळणाघरातली, जागाही. (प्रतीक्षा दोन वर्षे एक महिना. अर्ज जन्माआधी केला होता.)

अडचण किरकोळ होती. यंत्रणेला शिकवायला युद्धाची माहितीच नव्हती. कंपनीच्या दातेनशुट्झ, म्हणजे माहिती-संरक्षण, खात्यातल्या बाईंच्या मते शत्रूची माहिती वापरायला शत्रूची लेखी संमती हवी. फॉर्म पाठवला होता. शत्रूने सही चुकीच्या चौकटीत केली.

तेव्हा मयुरेशने घरातलीच सामग्री काढली. बायको मीनल महाराष्ट्र मंडळाची सचिव. तिच्याकडे अकरा वर्षांची इतिवृत्ते आणि व्हॉट्सॲप गटाचे ४१,६०० निरोप होते (पैकी सलोख्याचे: ९). सभासदांची संमती वार्षिक सभेत 'ऐनवेळचे विषय' या सदराखाली एकमताने घेण्यात आली. जेवण लागले होते.

"कुंदाताईंची सभेतली भाषणं तेवढी वगळ," मीनल म्हणाली. "मशीन नवीन आहे रे."

त्याने वगळली नाहीत.

शुक्रवारी जनरलसाहेबांनी विचारले, शेजाऱ्याने सीमेवर दोन ब्रिगेड आणल्या आहेत, काय करावे? यंत्रणेने चार सेकंद विचार केला. सैन्य हलवू नये. प्रादेशिक शांतता परिषद भरवावी. शेजाऱ्याशी ज्याचे पटत नाही, त्याला प्रमुख पाहुणा करावे. शेजाऱ्याला आमंत्रण जरूर द्यावे, पण आदल्या दिवशी. आला तर दुसऱ्या रांगेत बसवावे. आला नाही तर 'आम्ही बोलावले होते' असे सर्वांना कळवावे.

मयुरेशने ते लगेच ओळखले. हे शेजारच्या गावच्या मंडळाविरुद्धचे गेल्या दिवाळी पहाटेचे नियोजन होते, जसेच्या तसे.

जनरलसाहेबांनी चष्मा काढला. "आमच्या परराष्ट्र खात्याची इतकी आतली माहिती तुम्हाला मिळाली कशी?"

"गोपनीय आहे," मयुरेश म्हणाला.

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असे त्याचा जर्मन साहेब म्हणाला, आणि सह्या झाल्या.

पुढच्या महिन्यात तीच यंत्रणा शेजारी राष्ट्रानेही घेतली. त्या प्रदेशात आता गोळी सुटत नाही. सहा महिन्यांत एकोणीस शांतता परिषदा झाल्या, आणि प्रत्येकीत दुसरी रांग रिकामी होती.

मयुरेश कायम झाला. पण आता महासत्तांची मागणी आली आहे, आणि त्या तोडीची सामग्री मंडळात नाही. मंडळातली माणसे भांडून झाल्यावर शेवटी एकत्र जेवतात. म्हणून हल्ली तो गृहनिर्माण सोसायट्यांचे व्हॉट्सॲप गट गोळा करतो. परवा चाचणीसाठी पार्किंगबद्दलचा एकच निरोप यंत्रणेला वाचायला दिला. तिने नागरिकांना तळघरात जाण्याची सूचना दिली.

निरोप कोणाचा, ते इथे सांगणे बरे नव्हे. पण त्याच्या खाली हात जोडलेले होते, आणि आपल्याला अजूनही वाटते, की तो आपण अगदी सौम्य भाषेत लिहिला होता.