तेलाची बारी मागणारा अर्बाब

आमच्या घरमालकाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो माझ्या स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीला कान लावून पालथा पडला होता. अंगात पांढराशुभ्र पायघोळ झगा, डोक्यावर नक्षीची टोपी, आणि ढुंगण वर. मला वाटलं, माणूस गेला. धुतलेल्या तांदळाचं पातेलं हातातून सुटलं आणि मी सतीशला हाक मारली. तेवढ्यात मेलेल्या माणसाने माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "चूप, माजी. आवाज आता है."

आवाज आमच्या वॉशिंग मशीनचा होता. ते त्याच भिंतीला टेकून सतीशचे मातकट कपडे धूत होतं. मी जाऊन मशीन बंद केलं, तसा तो उठून बसला, झगा झटकला आणि म्हणाला, "खलास. सब चाय पीने गया."

सतीश माझा मुलगा. तेलाच्या विहिरी खणणाऱ्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. हेल्मेट घाला, बूट घाला, इथे सिगारेट ओढू नका, हे दिवसभर लोकांना सांगायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. ओमानमधल्या इब्री गावाबाहेर माळावर त्यांनी नवीन विहीर खणायला घेतली आणि त्याची बदली इकडे झाली. सून पुण्यात बँकेत, तिला येता येईना, म्हणून मी आले. घर भाड्याचं, सालिम नावाच्या म्हाताऱ्याचं. आमच्या मागे त्याची खजुराची बाग आणि बागेला लागून तो एकटा राहतो ते घर. सगळे त्याला अर्बाब म्हणतात, म्हणजे मालक, म्हणून मीही म्हणते. वयाने तो माझ्याहून लहान, त्यामुळे लिहिताना मी त्याला 'तो'च म्हणणार. आम्हा दोघांची हिंदी सारखीच वाईट असल्यामुळे बोलणं चांगलं जमतं.

तर हा अर्बाब त्या दिवशी तेलाची विहीर ऐकत होता. "मेरा बाग का नीचे आया," असं त्याने मला अगदी विश्वासात घेऊन सांगितलं. विहीर तिकडे लांब माळावर. गच्चीवर गेलं तर तिचा लोखंडी मनोरा काडेपेटीतल्या काडीएवढा दिसतो. पण त्याला ऐकू येत होतं.

'बारी', म्हणजे पाळी, हा त्याचा जीव की प्राण. दवाखान्यात सगळ्यांच्या आधी येतो, पण आत जात नाही. दारात उभा राहून कोण कोणाच्या नंतर आलं ते ठरवतो आणि त्याप्रमाणे लोकांना खुर्च्या बदलून बसायला लावतो. एकदा मी गुडघा दाखवायला गेले होते. नर्सने तापाने फणफणलेल्या एका पोराला मध्येच आत नेलं, तर या माणसाने पोराच्या बापाला रांगेतल्या प्रत्येकापुढे नेऊन माफी मागायला लावली. प्रत्येकाने माफ केलं. मग म्हणाला, "अब जाओ." मी असला प्रकार आयुष्यात पाहिला नव्हता. त्याहून वाईट म्हणजे, बापाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्याच्या मनगटावर सोनेरी घड्याळ आहे आणि ते चालू आहे. पण वेळ तो अंगणात रोवलेल्या काठीच्या सावलीवर बघतो. सतीशने पहिल्याच दिवशी गाडी तिथे लावली. अर्बाबने काचेवर थापा मारून त्याला बाहेर काढलं आणि सांगितलं की तुझ्या गाडीने माझी दुपार झाकली. सतीशने त्याला मनगटावरचं घड्याळ दाखवलं. "ये दिखाने का," अर्बाब म्हणाला.

मला हे वेड वाटायचं. मग हळूहळू समजलं. इथे डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून पाटाने गावात आणतात. त्या पाटाला फलज म्हणतात. पाणी थोडं आणि बागा पुष्कळ. म्हणून प्रत्येक घराची वेळ ठरलेली, आज्यापासून चालत आलेली. तुमची वेळ आली की पाटातलं सगळं पाणी तुमचं, वेळ संपली की पुढच्याचं. जमीन तुमची असेल नसेल, पाण्याची वेळ तुमची असते. ती विकता येते, मुलांना देता येते. इतकी वर्षं जमिनीखालून आलेली वस्तू या लोकांनी अशी वाटून घेतली आहे, भांडणाशिवाय. म्हणजे भांडणं होतात, पण बारीवरून.

आता जमिनीखालून तेल येणार म्हटल्यावर अर्बाबला दुसरं काय सुचणार?

एके दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते तर खिडकीखालून कुदळीचा आवाज. बघते तर अर्बाब आमच्या पायरीपासून बागेकडे चर खणतोय. चांगला सरळ, दोरी लावून.

"हे काय?"

"तेल का रास्ता."

"तेल बागेत नेऊन काय करणार? खजुराला पाजणार?"

तो थांबला, विचार केला आणि म्हणाला, "नहीं, माजी. टाकी में." मग त्याने मला बागेच्या कोपऱ्यातली जुनी सिमेंटची टाकी दाखवली. बकऱ्यांचा चारा काढून, घासून, पुसून लख्ख केली होती. मला हसावं का रडावं कळेना. भाकरी तव्यावर जळून गेली.

चर झाल्यावर तो माळावर गेला. तिथे काय झालं ते मला सतीशकडून कळलं, आणि सांगताना पोराचा चेहरा पडला होता. हा माणूस काठी घेऊन विहिरीच्या फाटकाशी उभा. डोक्यावर हेल्मेट नाही, पायात चपला. पहारेकऱ्याला म्हणाला, तुम्ही खोदताय, खोदा, माझी हरकत नाही. माझ्या बागेखालचं तेल तुमच्या भोकातून येणार, येऊ द्या. फक्त माझी बारी कधी ते सांगा. आणि सकाळची नको, सकाळी माझं पाणी असतं. मग वाळूत काठी रोवून सावली बघत बसला. पहारेकऱ्याने सतीशला बोलावलं, तर सतीशकडे बोट करून सगळ्यांसमोर म्हणाला, "इसको पूछो. ये मेरा घर का आदमी."

सतीशच्या साहेबाने मग एका ओमानी अधिकाऱ्याला पाठवलं. त्याने अर्बाबला सावलीत बसवलं, कहवा दिला, खजूर दिले आणि समजावलं की वरची जमीन तुमची, पण खालचं तेल सरकारचं. त्यात कुणाचीच बारी नाही. अर्बाबने सगळं ऐकून घेतलं, हात मिळवला आणि घरी आला. दुसऱ्या दिवशी चर बुजवला. टाकीत पुन्हा चारा भरला. मी म्हटलं, चला, सुटलो.

पण संध्याकाळी तो पुन्हा माळावर. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रोज संध्याकाळी, फाटकाशी, चपला घालून.

आता ही गंमत राहिली नाही. आत अवजड गाड्या येतात-जातात. सतीशला वरून ताकीद आली की हा म्हातारा तुझा घरमालक ना, मग आवर त्याला. सतीशने अर्बाबच्या मुलाला, माजिदला, मस्कतला फोन केला. माजिद तिथे सरकारी कचेरीत आहे. भला माणूस, पण बापाची लाज वाटायला लागली होती त्याला. बाबांना समजावलेलं समजत नाही, डोक्यावर परिणाम झालाय, असं तो म्हणाला. शुक्रवारी येतो आणि त्यांना मस्कतला फ्लॅटवर घेऊन जातो, बागेचं नंतर बघू.

अर्बाबने हे ऐकलं तेव्हा तो काठीची सावली बघत होता. "इन्शाल्ला," एवढंच म्हणाला. हा शब्द इथे होकारालाही चालतो आणि नकारालाही. पण त्याने तो ज्या आवाजात म्हटला तो मला आवडला नाही.

गुरुवारी सकाळी मी त्याच्या मागोमाग बागेत गेले. म्हटलं, या माणसाला एकदा स्पष्ट विचारू. त्याचं पाणी चालू होतं. झगा गुडघ्यापर्यंत खोचून तो एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात पाणी सोडत होता, आणि त्यावेळी तो वेडा अजिबात दिसत नव्हता. वेळ संपली तसा त्याने दगड आणि चिंध्यांनी आपल्या बागेकडचं पाटाचं तोंड बंद केलं. पाणी पुढच्या बागेकडे वळलं. मग तो त्या बागेच्या दारापाशी गेला. दाराला गंजलेलं कुलूप. आतली झाडं वाळलेली, झावळ्या लोंबत होत्या. त्याने दारावर थापा मारल्या आणि मोठ्याने हाक दिली, "खलफान! खलफान, पानी!"

मग थांबला. आणि परत फिरला.

"खलफान कोण?"

"बाजूवाला. मर गया."

मी म्हटलं, "मेलेल्या माणसाला पाण्याला बोलावतोस? मग तुझा पोरगा म्हणतो ते खरंच आहे."

तो चिडला नाही. पाटाच्या काठावर बसला आणि त्याने मला समजावलं, जसं लहान मुलाला समजावतात. आपली बारी संपली की पुढच्याला उठून सांगायचं, हा इथला नियम. सांगितलं नाही तर ती चोरी. खलफान गेला, त्याची मुलं मस्कतला गेली, पण बारी अजून त्यांचीच आहे. पाणी रोज येतं, वाळलेल्या बागेतून जातं आणि खाली ओढ्यात वाहून जातं. खलफान होता तेव्हा आतून शिव्या द्यायचा की रोज लवकर बोलावतोस. रोज. एक दिवस चुकला नाही.

"आणि माळावर कशाला जातोस? तेल तुझं नाही, सांगितलं ना त्यांनी?"

"मालूम है. सरकार का."

"मग?"

त्याने ओल्या हातांनी दाखवलं, इकडून एक जण, तिकडून एक जण. संध्याकाळी विहिरीवरची माणसं बदलतात. जाणारा येणाऱ्याला हाक मारतो, सांगतो की मी इथपर्यंत केलं, आता तुझं. फाटकातून दिसतं सगळं.

"उधर बुलाता है," अर्बाब म्हणाला, "तो जवाब आता है."

घरी येऊन मी सतीशचा डबा भरला आणि त्यात भाजी घालायची विसरले.

शुक्रवारी नमाजानंतर माजिद आला. अंगणात चटई टाकून बसलो. तो आणि सतीश इंग्रजीत बोलत होते, अर्बाब मध्ये बसून खजुराच्या बिया एका रांगेत मांडत होता. बॅग भरून दाराशी ठेवलेली दिसत होती. लहानशीच होती. शेवटी माजिद माझ्याकडे वळला आणि अदबीने म्हणाला, "आंटी, आप रोज देखते हो. आप सच बोलो. बाबा का दिमाग ठीक है?"

खरं सांगायचं तर मला डोक्याचं काय कळतं? मी म्हटलं, "दिमागचं मला माहीत नाही. पण तू याला घेऊन गेलास तर मला पाण्याला कोण बोलावणार?"

"कौन सा पानी?"

"खलफानचं. त्याच्या बागेत मी भाजी लावते आहे. रोज फुकट वाहून जातंय ते मला बघवत नाही. तुझा बाप मला बोलावणार, असं आमचं ठरलंय."

काहीच ठरलेलं नव्हतं. सतीश माझ्याकडे बघायला लागला. "आई," तो मराठीत म्हणाला, "कसली भाजी?"

"मेथी," मी म्हटलं. "तू गप्प बस."

अर्बाबचा हात बियांवर तसाच राहिला. माजिद त्याच्याकडे बघत होता, तो माझ्याकडे बघत होता आणि मी कहवा पीत होते, जो मला मुळीच आवडत नाही. शेवटी माजिदने फोन काढला आणि खलफानच्या मुलाला लावला. दोघं एका शाळेत शिकलेले. बराच वेळ अरबीत बोलणं झालं, मध्ये एकदा माजिद हसलाही. मग फोन ठेवून म्हणाला, तो म्हणतो, घ्या, आम्ही येणार नाही इतक्यात, कुणीतरी पाणी घातलं तर झाडंही वाचतील. कुलपाची किल्ली त्याच्याकडेही नाही, तोडा म्हणाला.

मग बापाकडे वळून त्याने कडक आवाजात अरबीत काहीतरी बजावलं. विहिरीवर जाणं बंद, हे मला समजलं.

"टाइम किधर है," अर्बाब हिंदीतच म्हणाला, मला ऐकू यावं म्हणून. "अभी बुलाने को आदमी है."

माजिद एकटाच परत गेला. सतीशने हातोडीने कुलूप तोडलं, डोक्यावर हेल्मेट घालून. मी बाजारातून मेथीदाणे आणले नाहीत, डब्यातलेच होते. माझ्या गुडघ्याने उकिडवं बसणं म्हणजे काय ते माझं मला माहीत. एका थापेपायी या वयात माळीण झाले.

दुसऱ्या दिवशी उजाडत होतं. मी जागी होते, पण पडून होते. मागच्या दारावर धडाधड थापा बसल्या.

"माजी! माजी, तेरा पानी!"

गावाकडे आमची विहीर वेगळी होती. पाण्यावरून हाकलणारे मला लहानपणी पुष्कळ भेटले. बोलवायला कधी कुणी आलं नव्हतं. मी उठून दार उघडलं आणि म्हटलं, "केवढ्याने वाजवतोस? आणि किती लवकर. पाणी काय पळून चाललंय?"

"हाँ," अर्बाब म्हणाला. "चलो."