क्षमा करायला आलेले दानिएलभाऊ

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. त्याच्या आदल्या शनिवारी सकाळी आमच्या गल्लीत कुणी पटकन दार उघडत नाही. कारण दाराबाहेर छत्री घेऊन दानिएलभाऊ उभे असतात. क्षमा करायला.

"म्या तुले माफ केलं," ते उंबऱ्यावरूनच सांगतात. "मनात काई ठेवलं नाई. चाय नको."

आपण काय केलं हे आपल्याला ठाऊक नसतं. त्यांना मात्र वार, वेळ आणि आपल्या शर्टाचा रंगही पाठ असतो. नाताळच्या फराळात त्यांच्या वाट्याला मोडकी करंजी गेली म्हणून त्यांनी मला माफ केलंय. बाजारात ओळख दिली नाही म्हणूनही केलंय. त्या दिवशी मी चंद्रपुरात नव्हतोच, असं सांगितलं, तर खोटं बोलल्याबद्दल तिथल्या तिथे आणखी एकदा केलं. पाळकसाहेब उपदेशात गर्वावर बोलले ते आपल्यालाच, असं धरून त्यांनाही भर व्हरांड्यात माफ करून टाकलं. पाळकबाई तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नाहीत.

एवढा क्षमाशील माणूस, पण प्रभुभोजनाचा भाकर-प्याला त्यांनी कधी घेतलेला मी पाहिला नाही. ज्याचं भावाशी बिनसलं असेल त्यानं आधी समेट करावा, असं पाळक म्हणाले की हे छत्री उचलून बाहेर जातात. स्कूटर सावलीत लावायची असते म्हणे. पावसाळ्यातसुद्धा.

यंदा मोहफुलांच्या दिवसांत ते भलत्याच वारी आले. चिमूरकडच्या गावी धाकटा भाऊ सिमोन राहतो, त्याला माफ करायचं होतं, आणि एवढ्या लांब स्कूटर झेपणार नव्हती. मी मोटरसायकल काढली.

वाटेत सगळं ऐकावं लागलं. फुलं वेचायला बरं पडावं म्हणून मोहाखालचा पाला जाळतात. बऱ्याच वर्षांपूर्वी ती आग पसरली, सिमोनचा गोठा गेला, बैलजोडी गेली. दानिएलभाऊ म्हणाले होते, कुण्या गुराख्याची बिडी असेल. त्यावर सिमोननं त्यांना गावासमोर खोटारडा म्हटलं. तो अपमान त्यांनी अजून जपून ठेवला होता. सिमोनचा शर्ट पिवळा होता, हेही सांगितलं.

सिमोन अंगणात मोहफुलं वाळत घालत होता. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने वण होते. बैलांची दावी सोडवताना भाजलेले. दानिएलभाऊ छत्री टेकवून उभे राहिले.

"म्या तुले..." एवढं म्हणाले, आणि त्या हातांकडे बघत राहिले.

"पाला म्या पेटवला होता," ते हळूच म्हणाले. "विझवल्याबिगर जेवाले गेलो. बिडी-फिडी काई नव्हती. मले माफ कर, बाबू."

सिमोननं फुलं पसरणं थांबवलं नाही.

"म्या तं कवाच केलं, भाऊ. सांगाले कोनाच्या दारात गेलो नाई, एवढंच."

मला हसावं की रडावं कळेना. मी उगाच हेल्मेट घातलं आणि काच खाली ओढली.

सिमोननं हात झटकले, बाज सावलीत ओढली आणि घरात हाक मारून चहा टाकायला सांगितला. दानिएलभाऊ छत्री मांडीवर घेऊन बाजेवर बसले. चहा नको म्हणाले नाहीत.