खोक्यातली वायर

"बाई, फीत कापण्याआधी एक कम्प्युटर चालू करून बघायचा का?"

हा प्रश्न शाळेच्या नव्या कम्प्युटर खोलीच्या उद्घाटनात, भर कार्यक्रमात मुख्याध्यापिकांना विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. वक्तृत्वात बक्षीस मिळाल्यापासून सगळा वर्ग जिला तोफ म्हणायचा, ती असल्या पैजेतून मागे हटणं शक्यच नव्हतं. शिवाय कम्प्युटर तिच्याच बाबांनी जोडून पाठवले होते, आणि आपल्या बाबांचं मशीन कधी परत येत नाही, हे तिचं अख्ख्या शाळेला ऐकवून झालं होतं.

"घरच्या मालावर विश्वास नाही वाटतं?" बाई हसल्या. त्यांनी फीत कापली, बटण दाबलं. काही झालं नाही. दुसऱ्याचं दाबलं. तिसऱ्याचं पाहुण्यांनी दाबलं, कारण पाहुण्यांचा हात चांगला असेल असं शिपाईकाकांचं मत पडलं. मैत्रिणी तोफेकडे बघत होत्या. तोफ छताकडे बघत होती. पंखा मजेत फिरत होता, म्हणजे वीज गेली असंही म्हणायची सोय नव्हती.

फोन गेला तसे बाबा बॅग घेऊन धावत आले. एकेक मशीन दिवसभर चालवून पाहिलंय, असं त्यांनी दारातूनच सांगितलं, आणि ते खरं होतं. बॅगेतून त्यांनी चिकटपट्टी गुंडाळलेली आपली जुनी वायर काढून पहिल्या कम्प्युटरला लावली. पडदा उजळला. टाळ्या झाल्या. मग तीच वायर त्यांनी दुसऱ्याला लावली. दुसरा उजळला, पहिला विझला.

"म्हणजे एका वेळी एकाच मुलाने शिकायचं?" बाईंनी विचारलं.

इतकी वर्षं बाबा प्रत्येक मशीन याच लाडक्या वायरीवर तपासत आले होते. खोक्यात जाणारी नवी वायर मात्र गुंडाळी न सोडताच आत जायची. या खेपेला तो अख्खा गठ्ठाच बाद निघाला. आज संध्याकाळपर्यंत सगळे चालले नाहीत तर सगळे परत न्या आणि ग्रंथालयासाठी कम्प्युटर पुरवायचं पुढचं कामही विसरा, असं बाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं.

दुपारी बाबा दुसऱ्या वायरी घरी आणून थेट शाळेकडे निघाले, तर तोफेने त्यांना घराच्या दारातच अडवलं. घरच्या मशीनला तिने एकेक लावून पाहिली. त्यातलीही एक मुकी निघाली. ती बदलून घेतल्यावर मात्र शाळेतले सगळे पडदे एकदम उजळले आणि ग्रंथालयाचं काम वाचलं.

जेवताना आईने वाढता वाढता, माणसाने पाठवण्याआधी बघू नये का, हे निरनिराळ्या चालींत म्हणून दाखवलं.

"मशीन बघितलं होतं गं. वायर कोण बघतं?" बाबा पुटपुटले.

"ज्याच्या घरी खोका उघडतो तो," तोफ म्हणाली. मग ती भाषणाला राहावं तशी उभी राहिली. "आजपासून बाबांचा प्रत्येक बंद खोका मी फोडणार, आतल्याच वायरीवर मशीन चालवणार, मगच तो दाराबाहेर जाणार."

"शाब्बास," आई म्हणाली. "घरात एकीला तरी अक्कल आहे."

"आणि आई, सकाळचा डबाही झाकण लावायच्या आधी मीच चाखणार. आज भाजीत मीठ नव्हतं."