तांबड्याला कोण कातरणार?

आमचे शेजारी बिराप्पातात्या माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, आधी केसांकडे बघतात. एकदा माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "गुरुजी, ह्यात काय दम न्हाई. घोंगड्याला चालायचं न्हाई." दिवसभर शाळेत पोरं हाकून मी घरी येतो तेव्हा अंगात त्राण नसतं, आणि दारात तात्या बसलेले.

म्हसवडात मेंढरं कातरावीत ती तात्यांनीच. आता कळप विकला, कात्री तेवढी राहिली. एके दिवशी माझ्या मोबाइलवर त्यांना ओरांगउटान, म्हणजे तांबड्या केसांचा मोठा वानर, दिसला आणि माझ्या मागे नवीन लचांड लागलं.

"ह्या तांबड्याचा मालक कोण? लय आळशी दिसतोय. हातभर केस वाढल्यात, कातरायला नको?"

"तात्या, तो जंगलात राहतो. त्याला मालक नाही."

"म्हून ही दशा. उकाड्यानं मरंल की."

रोज हेच. शेवटी वैतागून मी वाचून दाखवलं. तिकडे पाऊस फार, लांब केसांवरून पाणी ओघळून जातं. शिवाय पिल्लू पहिली दोन-तीन वर्षं आईचे केस मुठीत धरूनच तिच्या अंगावर असतं.

तात्या दाढी कुरवाळू लागले. विषय मिटला म्हणून मला जरा बरंच वाटलं.

पण त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. तात्यांची दाढी छातीवर रुळणारी. नात कावेरी इथे होती तोवर ती दाढी धरल्याशिवाय झोपायची नाही. सहा महिन्यांपूर्वी मुलाने बिऱ्हाड सांगलीला नेलं. आता तिच्या तिसऱ्या वाढदिवसाला तात्यांना बोलावलं होतं. सुनेचा निरोप एवढाच, की दाढीने पोरीच्या अंगावर पुरळ येतं, काढून या.

"गुरुजी, तांबड्याला कातरलं तर पिल्लू धरंल कशाला?"

माझ्यापुढे पेपरांचा गठ्ठा होता. "अहो, ते जनावर. तुम्ही दाढी करा आणि जा बघू."

दुसऱ्या दिवशी तात्या एसटी स्टँडकडे निघाले, तेव्हा कातरलेल्या मेंढरासारखे निम्मेच दिसत होते.

चार दिवस राहणार होते, दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी परत आले.

"पोरगी भ्याली," ते म्हणाले. "आयच्या मागं लपली. मेंढराचा आवाज काढून दावला, तरी जवळ आली न्हाई."

मला फार वाईट वाटलं. दोन मिनिटं नीट ऐकून घेतलं असतं तर माझं काय गेलं असतं? मी सांगलीला व्हिडिओ कॉल लावायला लागलो. तात्यांनी माझा हात धरला.

"चित्र नगं. नुसता आवाज लावा."

मी साधा फोन लावला. तात्यांनी नुसतं "कावेरे" म्हटलं, तर पलीकडून ती लगेच म्हणाली, "आज्या, तू कवा येनार? काल दुसराच कोनतरी आलता."

तात्यांनी उघड्या हनुवटीवर हात ठेवला.

"व्हय बाय," ते म्हणाले. "त्यो गेला. आता मी येतो."