दोन जावई आणि एक खुर्ची

शेवटी खुर्ची कापावी लागली आणि नायकपद धाकट्या जावयाच्या हातून गेलं. असो, हे आपल्यात बोलणं झालेलंच नाही. खुर्ची अजून धड आहे.

सासुरवाडीच्या गॅलरीत सासऱ्यांची लोखंडी खुर्ची होती, बैठकीला भोकंभोकं असलेली. गप्पांच्या नादात धाकट्याने एका भोकात बोट घातलं. बोट गेलं, परत काही येईना.

थोरल्या जावयाने बाह्या सरसावल्या, तेल मागवलं, साबण मागवला आणि बोट सुटायच्या आतच मित्राला फोन लावून सुटकेची हकिगत सांगायला घेतली.

"दर वेळी हेच नायक!" धाकटा कळवळला. "माझ्या लग्नातसुद्धा हेच पुढे!"

"साडूभाऊ, तुम्ही अडकलाय. नायक सोडवतो, अडकत नाही."

सासूबाई निवृत्त भाषाशिक्षिका. मटार सोलता सोलता म्हणाल्या, "चूक. नायक शूरच लागतो असं नाही, चोरही चालतो. ज्याला काहीतरी हवंय आणि मिळता मिळत नाही, गोष्ट त्याची. धाकट्या जावईबापूंना बोट हवंय. तेच नायक. तुम्ही सहायक पात्र."

धाकट्याचं बोट सुजलं होतं, आता छातीही फुगली.

थोरल्याने क्षणभर विचार केला आणि शेजारच्या भोकात अंगठा घातला.

"अहो!" त्याची बायको किंचाळली.

"मलाही अंगठा हवाय," तो शांतपणे म्हणाला. "सासूबाई, आता बोला!"

अग्निशमन दलाचा जवान कटर घेऊन आला, तेव्हा दोघं एका सुरात ओरडले, "आधी यांना सोडवा!" जो जास्त वेळ अडकेल, गोष्ट त्याची, हा हिशेब जवानाला कुठून कळणार? "असे साडू पाहिले नाहीत," म्हणत त्याने डोळे पुसले आणि भेदभाव नको म्हणून दोन्ही भोकांतून खुर्चीच मधोमध कापून दोघांना एकदम सोडवलं.

इतक्यात सासरे झोपेतून उठून गॅलरीत आले. खुर्चीच्या दोन तुकड्यांकडे पाहत म्हणाले, "मला बसायचं होतं."

सासूबाईंच्या हातातली शेंग थांबली. "नायक आला," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अग्निशमन केंद्रात अर्ज पोचला :

"महोदय, आपल्या अहवालात माझी नोंद 'अडकलेला इसम' अशी आहे, ती 'नायक' अशी दुरुस्त व्हावी. ते शक्य नसल्यास खुर्ची पूर्ववत जोडून सदर प्रसंग, सासरे व थोरले जावई वगळून, पुन्हा घेण्यात यावा. बोट अर्जदार स्वतः आणेल."